सिपोराबाईंचे पेले

"प्याला एकच राहील! बापजाद्यांनी एकाच प्याल्याला ओठ लावले," हजान हस्साजी कडाडले. प्रार्थना तेच म्हणवून घेत.

"मग पटकीत बापजाद्यांनाच भेटायला निघायचं का?" जमातीचा कारभार पाहणाऱ्या मुकादम शलोमभाऊंनी सुनावलं. "साथ सरेस्तोवर खोलीला कुलूप घाला."

नाशिकरोड स्टेशनामागच्या भाड्याच्या खोलीत बेने इस्राएल मंडळींची शुक्रवारची प्रार्थना भरे. प्रार्थना सुटली की एकाच प्याल्यातून सगळ्यांत फिरायचं, त्या शरबतासाठी सिपोराबाई पडद्यामागं मनुका निवडत होत्या. कुलपाचं नाव निघालं नि त्यांनी मनुकांचं ताट बाजूला सारलं. येत्या शुक्रवारी वारलेल्या नवऱ्याच्या वर्षाची प्रार्थना होती. तिला दहा पुरुष जमावे लागतात, नाहीतर ती होत नाही. कुलपापुढं एकट्या बाईनं काय म्हणायचं?

त्या पडदा सारून बाहेर आल्या. "कुलूप कशाला? ज्यानं त्यानं घरून आपला पेला आणा. पाणी उकळून शरबत मी करते. हजानभाऊंनी भांड्यावर आशीर्वाद म्हणावा, मी पळीनं वाढते."

"आणि हातांचं काय?" मुकादमांनी विचारलं. प्रार्थना सुटली की एकमेकांच्या बोटांना बोटं लावून ती ओठांशी न्यायची, ही रीतच. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे पवित्र वचनांच्या डबीलाही, जाता-येता तसंच.

"हातांना मी काम देते की," बाई म्हणाल्या.

हस्साजी पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी दारात पाण्याचं घंगाळ नि साबण. हात धुतल्याशिवाय बाईंनी खुद्द मुकादमांनाही आत घेतलं नाही. दहा जण भरले. नवऱ्याचं नाव घेतलं गेलं, दहा आवाजांत आमेन उमटलं, नि पडद्यामागं बाईंचा जीव भांड्यात पडला.

प्रार्थना सुटली. सवयीचे हात उठायला लागले, तोच बाई पळी घेऊन पुढं. "दोन्ही हातांनी धरा हं! सांडलं तर फरशी ज्याची त्यानं पुसायची." एकेक पेला काठोकाठ भरला. चांगले बाप्येगडी तान्हं पोर धरल्यासारखे जपून दारातल्या वाऱ्याला निघाले.

हस्साजी सगळ्यांत पुढं. दारात थबकले. हात तर गुंतलेले. म्हाताऱ्यानं टाचा उंचावल्या नि थेट चौकटीलाच ओठ टेकवले!

"अहो हजानभाऊ!"

"हात तुम्ही अडकवलेत, तोंड कुठं बांधलंत?"

मागचे असे हसले की निम्मं शरबत फरशीवर. बाईंनी रांग रोखली, फडक्यानं चौकट खसाखसा पुसली, मगच वाट सोडली. पुढच्या शुक्रवारी हस्साजींना पेला चौकट ओलांडल्यावर मिळाला.

साथ ओसरली. खोलीला कुलूप काही लागलं नाही. पेले मात्र कुणी घरी नेलेच नाहीत. कोण दर शुक्रवारी ने-आण करणार? त्यांची उठाठेव आपसूक बाईंच्या गळ्यात पडली, नि बाईंनीही ती वर्षानुवर्षं काढली नाही.

आयुष्यातल्या शेवटच्या गुरुवारीही त्या पेल्यांची पिशवी घेऊन देवळालीगावात कादर कल्हईवाल्याकडं गेल्या.

"चाचा, याच्या तळाशी काळं राहिलंय."

"बाई, तुमची नजर अजून म्हातारी झाली नाही!"

"कल्हई करा, नजर नका लावू."

त्यांनी तो पेला पुन्हा भट्टीवर धरायला लावला. मग खोलीवर येऊन सगळे फळीवर पालथे मांडले, पदराला हात पुसले नि घरी गेल्या.