ॲडेलिनबायची गप्प शाळा

रोज सकाळी दार उघडलं की ॲडेलिनबाय करंगळी मधाच्या बरणीत बुडवायची, समोर आलेल्या मुलाचा जबडा डाव्या हातानं दाबायची आणि ते बोट त्याच्या जिभेवर फिरवायची. मग बोट लुगड्याच्या पदराला पुसायचं आणि पुढचं मूल. पदराचा तो कोपरा कायम चिकट असे आणि त्यावर मुंग्या असत. शेवटच्या मुलाची जीभ झाली की ती खुर्चीत बसे, आणि तिथे तिची शाळा भरल्यासारखी होई.

हे अठराशे त्र्याऐंशीच्या सुमाराचं, ठाण्याजवळचं बाळकुम. खाडीकडे मिठागरं, मागे भाताची शेतं, मधे थोडी ख्रिस्ती घरं, थोडी आगऱ्यांची. मिठाच्या दिवसांत बायका उजाडताच कोंडीवर, म्हणजे मिठाच्या वाफ्यांवर, कामाला जात. मागे राहिलेली लहान पोरं सांभाळायला कुणीतरी हवं होतं, आणि ॲडेलिनबायला विधवा झाल्यापासून काहीतरी हवं होतं. तिच्या घरामागे एक पडवी होती. तिला कुडाची भिंत घातली, आत चटया अंथरल्या आणि भिंतीवर कोळशानं आकडे काढले. ठाण्याच्या काही सुशिक्षित गृहस्थांनी त्या पडवीला बाळशाळा म्हणायला सुरुवात केली. ॲडेलिनबायलाही ते आवडलं. नाव फुकट मिळालं होतं.

त्या शाळेचा लौकिक एकाच गोष्टीसाठी होता. तिथे आवाज नसे. रस्त्यानं जाणारा माणूस कुडाला कान लावून थांबला, तर त्याला फार तर माशा ऐकू येत. तीन-चार वर्षांची मुलं चटईवर ओळीनं पडलेली असत, डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कडेला लाळ. त्यातल्या त्यात मोठ्यांना दुपारी उठवून बसवलं जाई. ती डुलत डुलत वीसपर्यंत आकडे म्हणत. त्यांच्यापुढे तीन आंबे ठेवून किती ते विचारलं असतं, तर त्यांनी एकपासून वीसपर्यंत म्हणून दाखवलं असतं. पण असं विचारायला कुणी आलं नाही.

ॲडेलिनबायला क्रूर म्हटलं तर तिचा मान वाढेल. क्रूर व्हायला लक्ष द्यावं लागतं. ती आळशी होती, आणि तिच्या आळसाला लोक शिस्त म्हणत होते, एवढंच.

मालन ही कोंडीवर मीठ ओढणारी आगरी बाई. तिची कलावती तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. सासू म्हणे, "गरीब स्वभावाची हाय. कुनाला त्रास नाय." मालनलाही तेच वाटे. उलट एका गोष्टीचा तिला अभिमान होता. रविवारी ॲडेलिनबाय चर्चला जाई, शाळा बंद असे, आणि त्या दिवशी कलावती संध्याकाळपर्यंत किरकिरे, नाक गळे, हातपाय झाडी. सोमवारी शाळेचं दार दिसलं की स्वतःहून तोंड उघडून उभी राही.

"माज्या पोरीला शालंची ओढ हाय," मालन कोंडीवर सांगे.

"माजीला पन," दुसरी म्हणे.

सगळ्यांच्याच पोरांना ओढ होती. बाळकुमात विद्येचं असं वेड पूर्वी कधी कुणी पाहिलं नव्हतं.

मग ॲडेलिनबाय भाचीच्या लग्नाला वसईला गेली. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आत लग्न उरकायचं होतं, आणि तिकडची लग्नं एका दिवसात संपत नाहीत. इकडे घराघरांतून रडारड सुरू झाली. पोरं ओकत होती, थरथरत होती, रात्ररात्र जागत होती. आयांनी एकमेकींकडे बघून निष्कर्ष काढला, की पोरं बाईसाठी झुरतात. कुणीतरी वसईला निरोपही धाडला. ॲडेलिनबायनं तो लग्नाच्या मांडवात चारचौघींना ऐकवला आणि डोळे पुसले. "जीव लावलाय गो मी त्यांना," ती म्हणाली. बरणीत काय आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी बोलता बोलता तिला ते खरं वाटू लागलं.

मालनला घरी बसणं शक्य नव्हतं. तिनं कलावतीला कोंडीवर नेलं, मिठाच्या राशीशेजारी सावली बघून एका खांबाला पदराच्या चिंधीनं बांधलं आणि रडू दिलं. पोर घसा बसेपर्यंत रडली, मग नुसती पडून राहिली. आठवडा सरत आला तेव्हा एका सकाळी ती उठून बसली. पाण्यावर ऊन चकाकत होतं. बांधावर एक बगळा एका पायावर उभा होता. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. कुणीतरी नुकतंच जग आणून तिच्यापुढे ठेवावं, तसं.

"आये," ती म्हणाली. "बगला."

मालनच्या हातातलं फावडं तसंच राहिलं.

ॲडेलिनबाय परतली तेव्हा बाकीची पोरं धावत गेली आणि दुपारपर्यंत गाव पुन्हा गप्प झालं. मालन एकटी तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाय, मधात काय घालतेस?"

"काय म्हंजे? बाळगोळी."

"अफूची?"

"मग काय साखरेची?" ॲडेलिनबायला राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "तुज्या सासूनं तुज्या घोवाला नाय चाटवली? जा, विचार. सगल्याच देतात. मी निदान मधातून देते."

मालननं घरी विचारलं. सासूनं मान डोलावली. "दिली की. काय झालं त्याला?"

मालननं भरदुपारी पडवीत झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

कोंडीवरचा मुकादम पोपट म्हणाला, "पोर आनायची नाय हितं. पोर नायतर काम, काय ते ठरव." शाळेत घातली तर मूल पुन्हा चटईवर जाणार होतं. मालननं काम सोडलं. टोपलीत मीठ घेऊन ती दारोदार विकू लागली, आणि कलावती तिचं बोट धरून गल्ल्यांतून हिंडू लागली. दिसेल त्याचं नाव विचारी, आणि कळलेलं नाव ओरडून सगळ्यांना सांगे.

त्याच उन्हाळ्यात ठाण्याचे गृहस्थ शाळा बघायला आले. त्यांच्यात एक रावसाहेब होते. बालशिक्षणावर त्यांनी व्याख्यानं दिली होती. मूल म्हणून त्यांनी आजवर फक्त स्वतःचा फोटो पाहिला असावा. त्यांनी एक नारळ वर धरला.

"बाळांनो, हे काय?"

बाळं डुलली. "एक, दोन, तीन," एकानं सुरुवात केली, बाकीच्यांनी ओढून नेलं.

"नारल!" कुडाबाहेरून आवाज आला. मालन मीठ मापत बाहेर उभी होती आणि कलावती कुडाच्या भोकाला लोंबकळत होती. "नारल हाय तो! आये, त्यांना नारल ठावं नाय!"

रावसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ही उनाड मुलगी कोणाची?"

"आपल्या शाळेतली नाय, साहेब," ॲडेलिनबाय घाईनं म्हणाली. तिच्या तोंडून त्या दिवशी निघालेलं ते एवढंच खरं वाक्य.

"दिसतंच आहे," रावसाहेब म्हणाले. शाळेला त्यांनी एक पितळी घंटा भेट दिली. मुलांना खेळातून वर्गात बोलवायला. ती वाजवायची गरज कधी पडली नाही.

शाळा पुढे बरीच वर्षं चालली. काही मुलं चटईवरून उठलीच नाहीत. त्या काळात मूल जायला कारण लागत नसे, म्हणून कुणी कारण शोधलं नाही. उरलेली मोठी होऊन कोंडीवर गेली, आणि आपली पोरं ॲडेलिनबायकडे ठेवू लागली.

शतक संपायला आलं तेव्हा ती म्हातारी झाली होती आणि खाटेला खिळली होती. तिची भाची बर्नाडेट वसईहून येऊन तिची सेवा करत होती. झोप लागत नाही ही ॲडेलिनबायची एकच तक्रार होती. सुपारीएवढी अफूची गोळी घेऊनही लागत नसे.

त्या दुपारी खिडकीखालच्या गल्लीतून टोपली घेतलेली एक तरणी पोर चालली होती. "मीठ घ्या गो, मीठ!" तिचा आवाज खाडीपर्यंत जात होता. मधेच ती थांबून कुणाशी तरी भांडली, हसली, पुन्हा ओरडली.

"कोन ती?" ॲडेलिनबायनं विचारलं.

"मालनची कलावती."

म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

"खिडकी लोट गो," ती म्हणाली. "किती बोलते ती."