गप्प खोलीतलं पाळणाघर

बारा पाळणे, बारा पांढऱ्या चादरी आणि मूल एकही नाही. मॅनेजरसाहेब दारात उभे राहून हे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते.

"बाई, हे पाळणाघर आहे की पाळण्यांचं दुकान?"

"मुलं येतील, साहेब."

"महिनाअखेरपर्यंत येऊ द्या. नाहीतर ही खोली मला कापसाच्या गाठी ठेवायला लागणार आहे."

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. नर्सिंग शिकून मी सोलापूरच्या एका कापड गिरणीत लागले होते. हुद्दा 'लेडी वेल्फेअर ऑफिसर'. त्याचा अर्थ गिरणीत कोणालाच नीट ठाऊक नव्हता, मलाही थोडाथोडाच. सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीतून रोज सकाळी भोंग्याबरोबर चालत निघायचे आणि चालता चालता स्वप्न बघायचे. गिरणीतली लेकरं ओळीने झोपली आहेत, खिडकीतून कडुनिंबाची सावली त्यांच्या तोंडावर हलते आहे, कुठे कसलाही आवाज नाही. तेच स्वप्न मी अर्जात लिहून दिलं. साहेबांनी कंपाउंडच्या टोकाची, कडुनिंबाखालची खोली देऊन टाकली.

बायका रिळिंग खात्यात असत. कांड्यांवरचं सूत मोठ्या फिरत्या चक्रांवर घ्यायचं आणि त्याच्या लड्या करायच्या, हे रिळिंग. पूर्वी त्यांची तान्ही मुलं तिथेच असायची. जुन्या लुगड्याची झोळी वर बांधलेली, आई काम करता करता कोपराने झोका देणार. हवेत कापसाचं तूस तरंगायचं आणि मुलांच्या पापण्यांवर बसायचं. त्या उजेडात ती लेकरं म्हाताऱ्यांसारखी दिसायची. मी कितीदा बघत उभी राहिले असेन. पण तेच तूस छातीत गेलं की खोकला. म्हणून मी नियम करून घेतला. खात्यात झोळी बंद, मूल पाळणाघरात.

पहिल्या आठवड्यात नऊ मुलं आली आणि नऊच्या नऊ रडली. थोपटून, गाऊन, फिरवून मी थकले. एकेक करून ती यायची बंद झाली. मला वाटलं, बायका अडाणी आहेत, शिकतील हळूहळू. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

साहेब गेल्यावर मी तडक रिळिंग खात्यात गेले. नागव्वाच्या मशीनखाली सुताची टोपली होती आणि तिच्यावर फडकं. नागव्वा वळसंगची, खात्यात हाताला सगळ्यांत चलाख. माझी चाहूल लागताच तिचे हात थांबले. मी फडकं उचललं. आत तिचा सहा महिन्यांचा सिद्धू झोपला होता. इतका शांत की मी आधी त्याच्या नाकाशी बोट धरलं.

पापणी वर करून पाहिली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ही अफूची खूण. त्या काळी तान्ह्याला गप्प ठेवायला बाळगोळी देत, तिच्यात अफू असे. मूल झोपतं. जास्त झाली तर उठत नाही.

त्याला छातीशी धरून मी दवाखान्याकडे पळाले. डॉक्टरांनी तळव्यांवर टिचक्या मारायला सांगितल्या, तोंडावर पाणी शिंपडायला सांगितलं. "झोपू देऊ नका, काही झालं तरी झोपू देऊ नका." मी त्याला उठवत होते, हाका मारत होते, चिमटे काढत होते. याला झोपवण्यासाठी मी खोली सजवली होती. दुपार कलली तेव्हा सिद्धू एकदाचा तोंड उघडून रडला. त्या रडण्याने मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे कशानेच झाला नाही. नागव्वा भिंतीला टेकून खाली बसली.

आनंद ओसरला तसा माझा राग उसळला. "आई ना गं तू? गोळी द्यायला हात कसा धजावला?"

"आजपातुर कदी दिली न्हवती, बाई," ती हळू म्हणाली. "झोळी व्हती तवर लागलीच न्हाय. तुमी झोळी काडाय लावली. टोपलीत रडला आसता तर मला कामावरनं काडलं आसतं."

"मग पाळणाघर कशासाठी आहे?"

"तितं झोपत न्हाय की त्यो. लई गप्प हाय तितं."

"गप्प आहे म्हणूनच तर तिथे—"

"बाई, मशीन थांबलं की आमी लेकरास्नी पाजतो. गप्प झालं की त्याला वाटतं, आली आई. तुमच्या खोलीत सारखंच गप्प. त्यो सारखी वाट बगतो, आन् आई काय येत न्हाय."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. गोळी तिने दिली होती, पण ती माझ्या नियमाने आणली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभी राहिले. सिद्धूचं काय झालं ते सांगितलं आणि चूक माझ्या नियमाची होती, तेही.

"मला रिळिंगच्या भिंतीला लागून असलेली जुन्या सामानाची खोली द्या."

"तिथे कानठळ्या बसतात, बाई."

"म्हणूनच. तूस भिंतीअलीकडे येणार नाही, आवाज येईल. लोखंडी पाळणे परत घ्या. छताला कड्या हव्यात, झोळ्या ज्याची त्याची आई आणेल. आणि जेवणाच्या सुट्टीखेरीज प्रत्येकीला दोनदा पाजायला सोडायचं. तेवढा वेळ शेजारीण दोन्ही मशीन बघेल. मी बायकांना विचारलंय."

"विचारलंय?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"या वेळी विचारलं."

"महिनाअखेरची मुदत मात्र तीच," ते म्हणाले आणि कागदावर सही केली.

पहिली झोळी नागव्वाने बांधली. लुगडं धुवून धुवून विरलेलं, तिच्या अंगाचा वास तेवढा शिल्लक. सिद्धू आत डोळे उघडे ठेवून पडला. भिंतीपलीकडे चक्रं फिरत होती, भिंत सावकाश घुमत होती, आणि तिच्याबरोबर झोळीही किंचित थरथरत होती. त्याने मूठ उघडली, पुन्हा मिटली आणि झोपला. गोळीशिवाय. दारात उभ्या असलेल्या नागव्वाने पदर तोंडाला लावला आणि ती कामाला गेली.

पंधरवड्यात बारा कड्या भरल्या. त्या घुमणाऱ्या खोलीत वेळ जागच्या जागी थांबल्यासारखा वाटे. एका दुपारी बारा झोळ्यांमधल्या स्टुलावर बसून मी त्यांचे श्वास मोजत होते. सात, आठ, नऊ... पुढचं आठवत नाही.

जाग आली ती एकदम. मशीनं थांबली होती. बाराही झोळ्या हलल्या, डोळ्यांच्या बारा जोड्या उघडल्या आणि कोणीही रडलं नाही. सगळे दाराकडे बघत होते. दारात आया आल्याच.

माझ्या मांडीवर साहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. 'पाहणी केली. देखरेखीच्या बाई झोपलेल्या आढळल्या. मुलेही. पाळणाघर कायम करावे.'

पुढे मी पुष्कळ नियम लिहिले, काही टिकले, काही फसले. धोरण आखणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की ज्याच्यासाठी नियम करता त्याच्या आईला आधी विचारा. निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली. दुपारी जरा डोळा लागतो. पण गल्लीतला आवाज अचानक थांबला की मी जागी होते आणि आधी दाराकडे बघते.