अक्काचं दुसरं वावर

अक्काचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कुणाचा तरी उघडलेला मोबाईल होता. वसमतला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांचे बंद पडलेले फोन चालू करणं हाच माझा धंदा. फोन अक्काचा, पण कुरुंद्याहून बोलत होत्या तिच्या शेजारच्या गयाबाई. "मामा, अक्का हळदीच्या ढिगापाशी बसल्या बसल्या कलंडल्या. नांदेडला घेऊन निघालो, तुमी तिकडंच या." मी निघालो. अर्ध्या वाटेत पुन्हा फोन वाजला, अन् या वेळी गयाबाई नुसत्याच रडत होत्या... सुमनअक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आदरांजली वाहताना लोक तिच्या कष्टाबद्दल बोलले, भाऊजींच्या माघारी तिनं एकटीनं केलेल्या शेतीबद्दल बोलले. सगळं खरंच होतं. मला मात्र तिचं दुसरं वावर आठवत राहिलं, तिच्या फोनमधलं.

त्याचं असं झालं. अक्काचा मुलगा विशाल ऑस्ट्रेलियात नोकरीला. सून केरळची. दोघांची बोलायची भाषा इंग्रजी, म्हणून नात तारा हिलाही तेवढी एकच भाषा येते. व्हिडिओ कॉल लागला की आजी 'हाय' म्हणायची, नात 'हाय' म्हणायची, आणि संपलं. "बबन, पोरगी मह्याकडं बघती, मी पोरीकडं बघते," अक्का सांगायची. "दोघी मुक्या. जरा येळानं ती पळून जाती." हसतच सांगायची, पण सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. मी तिला इथल्याच एका इंग्रजीच्या क्लासला घातलं. कॉलेजच्या पोरांमध्ये ती दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी सरळ माझ्या दुकानात आली. "तिथं 'मह्यं नाव सुमन हाय' असं बोलायला शिकवून राहिले. ते तर पोरीला म्हाईतच हाय की!"

मग एका कॉलवर तिला ताराच्या हातातल्या टॅबवर मक्याची रांग दिसली. शेतीचा खेळ होता. पेरायचं, पाणी द्यायचं, काढायचं, कोंबड्यांना दाणे टाकायचे. एकमेकांच्या शेतात जाता यायचं, निरोप लिहिता यायचा. "मका म्हणल्यावर मला कळंल. तोच खेळ मह्या फोनात टाक," अक्काचा हुकूम सुटला. तिच्या घरात रेंज धड यायची नाही, म्हणून ती जीप धरून वसमतला यायची आणि माझ्या दुकानात काउंटरजवळच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून शेती करायची. गिऱ्हाइकं चमकून बघायची, कारण मध्येच ती "वॉटर! वॉटर!" असं ओरडायची. हार्वेस्ट म्हणजे काढणी, बार्न म्हणजे कोठार, असं मी सांगत जायचो. पैसे कमी पडले की येणारं 'नॉट इनफ' मात्र तिला सांगावंच लागलं नाही. "हे आपल्याला पयल्यापासून म्हाईत हाय," ती म्हणाली. खेळावर तिचा रागही फार. "पाच मिनटात मका येतो, गाय वासराबिगर दूध देती. ज्यानं हे केलं तो कधी वावरात गेला व्हता का?"

एकदा अशीच स्टुलावर बसून ती कॉलवर होती. 'हाय' झालं, तारा पळायला वळली. तेवढ्यात अक्का म्हणाली, "तारा, युवर कॉर्न इज रेडी." पोरगी जागच्या जागी थांबली. वळून म्हणाली, "आजी! हाऊ डू यू नो?" अक्कानं माझ्याकडं जे बघितलं ना... एवढी खूश मी तिला विशालच्या लग्नातही पाहिली नव्हती.

त्यानंतर दोघी वरचेवर एकमेकींच्या वावरात जाऊ लागल्या. अक्का खऱ्या शेतात काढणीच्या वेळी एक कोपरा पाखरांसाठी सोडायची, आमच्या आईची ती पद्धत. खेळातही तिनं मक्याचा एक चौकोन कधी कापला नाही. ताराला वाटलं, आजी विसरली. अक्कानं समजावलं, "नो कट. बर्ड इट. बर्ड हंग्री." खेळात पाखरंच नाहीत, असं तारानं सांगितलं तर ही ठामपणे म्हणाली, "वेट. बर्ड कम." आणि पोरीनं ऐकलं! तिच्याही शेतात एक चौकोन उभा राहू लागला. पुढं पुढं अक्काचं इंग्रजी वावराबाहेर पडलं. "टुडे माय नी पेन. युवर नी गुड?" असं ती नातीला विचारायची आणि सात वर्षांची पोर आपला गुडघा वाकवून दाखवायची.

अक्काची माती झाल्यावर विशाल पोचला. परत जाताना त्यानं आईचा फोन माझ्या हातात दिला. "मामा, तुमच्याकडंच राहू द्या. ताराला अजून सांगितलं न्हाई. आजी दवाखान्यात हाय म्हणलो. मह्याच्यानं सांगणंच व्हईना." मी फोन बंद करून खणात ठेवला.

पण धंद्याची सवय वाईट. पूर्ण उतरलेली बॅटरी पडून राहिली तर मरते, म्हणून मागच्या आठवड्यात तो चार्जिंगला लावला आणि चालू केला. दुकानाचं वायफाय त्यानं आपोआप धरलं. सहज बघावं म्हणून खेळाच्या चित्राला बोट लावलं. अक्काचं वावर हिरवंगार होतं. तारा रोज येऊन पाणी देऊन जात होती. माझ्या बोटानं अक्काच्या नावापुढं हिरवा दिवा लागला, आणि लगेच निरोप आला. "आजी! यू केम बॅक! आर यू बेटर?"

मी उत्तर लिहायला घेतलं. 'येस' लिहावं तर खोटं. 'नो' लिहावं तर बापानं जवळ घेऊन सांगायची गोष्ट मी एका शब्दात सांगितल्यासारखं होईल. खेळ बंद करावा तर दिवा जातो, म्हणजे आजी पुन्हा गेली. विशालला फोन लावला. तो म्हणाला, "आजच्या दिवस राहू द्या मामा, चालू." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला, तिसऱ्या दिवशीही. त्याला रागवावं असं फार वाटतं. पण मला तरी कुठं जमतंय?

तेव्हापासून फोन काउंटरवर चार्जिंगलाच आहे. त्या स्टुलावर मी कुणाला बसू देत नाही. आपल्याकडं सकाळ असते तेव्हा तिकडं ताराची शाळा सुटते, आणि ती येते. काल आली तेव्हा मी अक्का जायची तसा तिच्या वावरात गेलो. सगळा मका पिकून उभा होता, एकही कणीस कापलेलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, "आजी, आय डिडंट कट एनी. ऑल फॉर द बर्ड्स. दे विल कम, राइट?"

अक्का असती तर तिनं लगेच लिहिलं असतं, 'वेट. बर्ड कम.' एवढं इंग्रजी मलाही येतं. माझं बोट त्या अक्षरांपर्यंत जातं... आणि तिथंच थांबतं.