खडूने आखलेली बाथरूम

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. जन्मभर लोकांच्या छात्या आणि कमरा मोजल्या. दुकान बंद झालं तरी गळ्यातली टेप काही उतरली नाही. माणूस भला, पण हट्टी इतका की विचारू नका. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती तडीस नेईपर्यंत स्वतःही झोपायचा नाही आणि दुसऱ्यालाही झोपू द्यायचा नाही. सध्या त्या डोक्यात बाथरूम शिरली होती.

कारणही तसंच होतं. मास्तरांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, ती आंघोळीला गेली आणि धाडकन आपटली. हाड वाचलं, पण मांडी काळीनिळी झाली. लेकीने फोनवर निकाल देऊन टाकला, "बाबा, आईला एकटीला जमत नसेल तर आंघोळ घालायला बाई लावूया."

काकूंनी फोन हिसकावून घेतला. "परक्या बाईपुढे मी उघडी बसू? त्यापेक्षा पारोशी राहीन!"

"पुन्हा पडलीस तर मी तुझं ऐकणार नाही हं, आई." लेकही शेवटी मास्तरांचीच.

तर आता असं होतं की काकूंना आपल्या दाराची कडी आपल्या हाताने लावून आंघोळ करायची होती, आणि ती कडी शाबूत ठेवायची तर बाथरूम सुधारायलाच हवी होती. एवढ्यावर नवरा-बायकोचं एकमत होतं. पुढे मात्र सगळा आनंदच.

बाथरूम घराइतकीच जुनी. दार फुगलेलं, गुडघ्याने ढकलल्याशिवाय न लागणारं. आत बसायला एक दगड, डावीकडे नळ, नळाखाली बादली, भिंतीत साबणाचा कोनाडा. फरशीवर इतका बुळबुळीतपणा की पाल घसरावी. मास्तरांनी टेप लावली आणि ठरवलं: नळ उजवीकडे, कोनाडा बुजवायचा, दगड फेकून कमोड बसवायचा, भिंती पांढऱ्याशुभ्र.

"नळ कशाला हलवता?" काकू म्हणाल्या.

"अगं, तिथे पाइप सडलाय."

"मग तिथेच नवा घाला. आणि माझ्या कोनाड्याला हात लावायचा नाही."

"कोनाड्यात काय सोनं पुरलंय तुझं?"

काकू पाठ फिरवून आत गेल्या. मास्तरांचा पारा चढला. ही बाई हल्ली असंच करायची. स्वयंपाकघरात डबा इकडचा तिकडे झाला तर घर डोक्यावर घ्यायची. पूर्वी दुकानाची काज-बटणं हीच करायची. एक दिवस 'कंटाळा आला' म्हणून सुई ठेवली ती ठेवलीच. वय झालं की माणूस तिरसट होतं, मास्तर स्वतःशी म्हणाले. स्वतःचं वय त्यांनी त्यात धरलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण मास्तरांचा धंद्यातला एक नियम होता. ट्रायल घेतल्याशिवाय कपडा द्यायचा नाही. गवंडी काम बघायला आला त्या सकाळी त्यांनी बाहेरच्या खोलीतली खाट भिंतीला लावली, शिलाईचा खडू घेतला आणि जमिनीवर नवी बाथरूम जशीच्या तशी, खऱ्या मापाची आखली. इथे भिंत, इथे दार, हा कमोड, हा नळ. अशी देखणी आखणी की गवंडीसुद्धा वाकून बघत राहिला.

"चल गं, ट्रायल! दारातून आत ये बघू."

काकू पदर सावरत उभ्या राहिल्या. "कुठून म्हणालात?"

"अगं, दारातून! काढलंय की एवढं मोठं."

काकू निघाल्या त्या थेट भिंतीतून आत शिरल्या, कमोडवर उभ्या राहिल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "ऐसपैस आहे की हो!"

गवंडी फिसकन हसला. मास्तरही हसणार होते. थट्टा करतेय, त्यांना वाटलं. "बरं, आता साबण घे."

काकूंचा हात डावीकडे गेला, खांद्याच्या जरा खाली, आणि बोटं वळली. तिथे हवेशिवाय काही नव्हतं. जुन्या बाथरूममध्ये कोनाडा बरोब्बर तिथे होता.

पुन्हा तोंड उघडणाऱ्या गवंड्याला मास्तरांनी हातानेच गप्प केलं.

"का हो, हसला का तो?"

"माझं चित्र बघून. साफ चुकलंय." त्यांनी गवंड्याला बाहेर ओट्यावर बसवलं आणि जुन्या बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

आत त्यांनी डोळे घट्ट मिटले. गुडघा दाराला, एक पाऊल, दगड. बसले. डावा हात सोडला तो नळावर. जरा वर, साबण. खाली, बादलीचा काठ. सगळं हाताशी होतं. त्या घरात ती अशीच चालत होती तर, किती महिने कोण जाणे, आणि एका छताखाली राहणाऱ्या नवऱ्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. आधी त्यांना रागच आला. मला नाही सांगितलंस? मला?

मग बादली आठवली. काकू पडल्या त्या सकाळी मोरीचं तोंड साफ करायला म्हणून त्यांनीच बादली उचलून उजवीकडे, दगडापाशी ठेवली होती, आणि ठेवली ती तिथेच विसरले होते. सगळ्यांनी बुळबुळीत फरशीला शिव्या घातल्या, त्यात मास्तरांचा आवाज सगळ्यात मोठा. ते दगडावर बसून तोंडात पंचा कोंबून रडले.

बाहेर आले तेव्हा काकू खाटेवर बसल्या होत्या. मास्तर त्यांच्याकडे न बघता ओट्याच्या दिशेने मोठ्याने म्हणाले, "ऐका हो! नळ हलवायचा नाही, पाइप तिथल्या तिथेच बदला. दगड तिथेच, कोनाडा तिथेच. फरशी तेवढी खरखरीत घाला आणि हाताला धरायला एक दांडी."

"आणि बादली?" काकूंनी हळूच विचारलं.

म्हणजे बादली कुणी हलवली ते हिला तेव्हापासून माहीत होतं.

"डावीकडेच. मी हात लावणार नाही तिला."

"डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकली तर टिकली," काकू म्हणाल्या. "लेकीला सांगू नका एवढंच. ती बाई लावेल."

"नाही सांगत."

"शपथ?"

"अगं, नाही म्हटलं ना!" ते खेकसले, आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाले, "नाही सांगत."

काकूंनी दोरीवरचा पंचा चाचपून घेतला आणि त्या आंघोळीला गेल्या. गुडघ्याने दार ढकललं, कडी लागली. मास्तर ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसले आणि जमिनीवरचा खडू पुसू लागले. भिंतीच्या रेघेवर काकूंचं पाऊल उमटलं होतं, तिथे हात थांबला. आतून पाण्याचा पहिला तांब्या ऐकू येईपर्यंत त्यांनी फडकं फिरवलं नाही.