बाईचं मत बाईलाच?

महापालिका निवडणुकीच्या आधीच्या रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चक्क टीव्हीवाले आले. सदाशिव पेठेत रविवारी सकाळी दहाला कुणाच्या दारात जाणं हेच मोठं धाडस... पण त्यांना बोलावलं होतं मीच.

झालं असं, की माझी शाळेपासूनची मैत्रीण वैशाली निवडणुकीला उभी होती. पक्षबिक्ष काही नाही, अपक्ष. आमच्या प्रभागातल्या खुल्या जागेवर चार पुरुष आणि ही एकटी बाई.

मी खराडीला आयटीत. आठवडाभर लॅपटॉप आणि शनिवार-रविवार हिची पत्रकं. त्यात एका चॅनेलची रिपोर्टर भेटली, तिला महिला मतदारांवर कार्यक्रम करायचा होता. मी लगेच बिल्डिंगमधल्या बायका गोळा केल्या. फुकटची प्रसिद्धी, कोण सोडतंय!

माइक आधी माझ्यासमोर आला. मी केस नीट केले आणि दिलं ठोकून, "बाईचं दुःख बाईलाच कळतं. आम्ही सगळ्या महिला महिलेलाच मत देणार!" रिपोर्टर एकदम खूश.

मग माइक गेला शेख भाभींकडे. भाभींचं आमच्या तळमजल्यावर ब्लाउज शिवायचं दुकान आहे. अख्ख्या गल्लीची मापं त्यांना पाठ.

"तुमचंही मत महिलेलाच ना?" रिपोर्टरने विचारलं.

"आधी हा खड्डा बघा," भाभी म्हणाल्या. दुकानासमोर लांबलचक चर खणलेला होता. एकदा ड्रेनेजसाठी, मग इंटरनेटच्या केबलसाठी... आणि बुजवायला कुणी फिरकत नव्हतं. गिऱ्हाइकं फळीवरून तोल सांभाळत दुकानात यायची. "हा जो बुजवेल त्याला मत. बाई असो नाहीतर बुवा."

"पण एक महिला म्हणून...?" रिपोर्टर काही सोडेना.

आता माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, पुढे झाल्या. निवृत्त गणिताच्या शिक्षिका. "अहो, ते जोशी बघा, आमचे चेअरमन. त्यांनाही विचारा ना, पुरुष म्हणून पुरुषालाच मत देणार का? उभे चार आहेत. बिचाऱ्यांनी नेमकं कुठल्या पुरुषाला द्यायचं?"

सगळ्या फिसकन हसल्या. जोशीकाका हातातली दुधाची पिशवी सांभाळत घाईघाईने जिना चढून गेले.

तेवढ्यात वैशाली आली. भाभींनी कॅमेऱ्यासमोरच तिला गाठलं. "वैशाली, तूच सांग. हा खड्डा कोण बुजवणार?"

मी रिपोर्टरच्या मागून खाणाखुणा करत होते... आठ दिवसांत करते म्हण, काहीतरी म्हण! वैशालीने चरात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "भाभी, मला माहीत नाही. हे काम कुठल्या खात्याचं, तेही माहीत नाही. उद्या महापालिकेच्या ऑफिसात जाऊन विचारते आणि सांगते."

मी कपाळाला हात लावला. गेली निवडणूक!

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसलो. भाभी नाहीत, आई नाहीत, खड्डा तर नाहीच. दिसले फक्त मी, केस नीट करून बोलणारी. खाली मोठ्या अक्षरांत, 'महिलांचा कौल महिलेलाच!'

सोमवारी माझ्या ऑफिसात ती क्लिप सगळ्यांनी पाहिलेली. टीममधला एकजण म्हणाला, "मग अप्रेझलला पण लेडी मॅनेजर मागून घे." मीही हसले... पण आतून जरा खजील झाले. चॅनेलने काही माझ्या तोंडी घातलं नव्हतं. ते माझंच वाक्य होतं.

आणि मी स्वतः गेल्या वेळी मत कुणाला दिलं होतं? एका काकांना. का, तर ते फोन उचलायचे! मग बाकीच्या बायका फक्त बाई बघून मत देतील, हे मी कशावरून धरून चालले होते? बिल्डिंगमधल्या एकीलाही मी विचारलं नव्हतं, तुम्हाला काय हवंय म्हणून.

वैशाली मात्र खरंच महापालिकेत जाऊन आली. खणलं एका खात्याने, बुजवायचं दुसऱ्याने, आणि कागद मध्येच कुठेतरी अडकलेला. भाभींना तिने सरळ सांगितलं, "निवडणुकीच्या आधी हे होणार नाही."

मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत येताना आई आपणहून म्हणाल्या, "मी तुझ्या मैत्रिणीला दिलं हो. बाई आहे म्हणून नाही. कॅमेऱ्यासमोर 'माहीत नाही' म्हणाली म्हणून. इतकी वर्षं वर्गात फळ्यासमोर उभी राहिले, पण मलासुद्धा ते क्वचितच जमलं."

भाभींनाही विचारून पाहिलं. तोंडात टाचण्या धरूनच म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं."

वैशाली पडली. पण अगदी सपाटून नाही, बऱ्यापैकी मतं मिळाली. निकालानंतर जोशीकाकांनी मला जिन्यात गाठलं आणि इकडेतिकडे बघत हळूच सांगितलं, "मी तिलाच दिलं होतं बरं का." मला इतकं हसू आलं... काकांचं मत कुठल्याच चॅनेलच्या हिशेबात नव्हतं!

वैशाली दोन दिवस रुसून घरी बसली. तिसऱ्या दिवशी भाभींचा फोन, "पडलीस म्हणून काय झालं? कागद कुठे अडकलाय ते तुलाच माहितीये. चल." मग वैशाली, भाभी, आई आणि जोशीकाका असे चौघं महापालिकेच्या ऑफिसात जाऊन बसले. एकदा नाही, तीनदा. शेवटी एका दुपारी मुरमाचा ट्रक गल्लीत शिरला.

आता कुणी 'महिलांचं मत' म्हटलं की मी विचारते, कुठल्या महिलेचं?

आई आणि शेख भाभी, त्या रविवारी सगळ्यांसमोर तुम्ही मला खोटं पाडलंत... मनापासून आभार.