चिखलोलीच्या पलीकडची रेघ

शहर नेमकं कुठे संपावं, हे अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे! जमीनमोजणी खात्यातून मामा निवृत्त झाले, पण मनातली साखळी काही सुटली नाही. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत इमारती फोफावताना पाहून त्यांनी नकाशावर लाल रेघ ओढली. चिखलोलीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला, शहराने पाऊल टाकायचं नाही; पलीकडे फक्त भात, भाजी आणि डोंगर. मग त्यांना दुसरं काही सुचेना. धाकट्या भाचीला, म्हणजे माझ्या मेहुणीला, स्थळ आलं तेव्हा मुलाचा पगार राहिला बाजूला, मामांनी विचारलं, "तुमची बिल्डिंग रेघेच्या आत की बाहेर?" बाहेर निघाली. अर्धा चहा तसाच ठेवून मामा उठले! लग्न झालंच, पण आहेरात जावयाला नकाशा मिळाला.

विकास आराखड्याच्या सुनावणीला त्यांनी आम्हा सगळ्यांना दोन रिक्षांत कोंबून नेलं. साहेबांनी विचारलं, "काका, आपली हरकत काय?"

"हरकत नाही साहेब, हद्द आहे!" मामा गरजले आणि नकाशा उलगडताना साहेबांचं पाणी सांडलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पलीकडच्या गावातल्या एक शेतकरीणबाई उठल्या. "तुमी रेघ मारून घरा जाल. आमच्या जमिनीला आता कुठं भाव आला, न आमी जलमभर चिखलातच रव्हाचा का?"

मामा खाली बसले. नकाशाची घडी घालून त्यांनी बाईंच्या गावाचं नाव विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मला घेऊन त्या बाईंच्या बांधावर हजर. "ताई, जमीन न विकता जगायला काय लागेल?"

बाई हसल्या. "गिऱ्हाईक."

झालं! पुढच्या रविवारपासून अंबरनाथ पूर्वेच्या सोसायट्यांत मामांची आरोळी घुमू लागली, "रेघेपलीकडची भेंडी!" एका सिंधी काकूंनी विचारलं, "अंकल, ताज़ी है ना?" मामा म्हणाले, "मॅडम, आपका शहर उठने से पहले तोडी है!" वॉचमन पुढून बाहेर काढी, मामा मागच्या गेटने आत.

आराखडा मंजूर झाला. त्यात रेघ नव्हती. बाईंच्या शेजारची दोन शेतं बिल्डरला गेली, तिथे आता कुंपणाचे पत्रे ठोकलेत. परवा मामांना स्कूटरवरून तिकडे नेलं. गुडघ्यांमुळे त्यांना बांध चढवेना, बाईंनीच हात दिला. मग हळूच म्हणाल्या, "मामा, आमचा मोठा पोऱ्या बोलतो, पुढच्या साली इकून टाकू."

मला वाटलं, आता भाषण. मामांनी वाकून भेंडीचं एक पान उलटून पाहिलं. "मग चार झाडांची भेंडी तोडू नकोस, ताई," ते म्हणाले. "जून होऊ दे. बी धरून ठेवू."