गजी ढोलातला कॉर्नेट

वडूजच्या एसटी स्टँडवर अण्णा मला सोडायला आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मी नर्स म्हणून जर्मनीला निघाले होते. बस हलली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "तितं कोण हसलं तर हसू दे. लगीच गप बसू नको."

हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. माझे वडील पलटणीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची ठेंगणी बहीण. निवृत्त होऊन आले ते एक जुना कॉर्नेट घेऊन, आणि थेट आमच्या धनगरवाडीच्या गजी नाचाच्या मंडळात जाऊन बसले. ढोल, झांजा आणि ओवी, एवढाच तिथला कारभार. ओवी म्हणणारे बिरूतात्या भडकले.

"लका, ही काय वरात हाय व्हय रं?"

"तात्या, एकडाव ऐका. न्हाई पटलं तर पेटीत ठिवतो."

तात्यांचा गळा तेव्हाच उतरणीला लागला होता. वरची ओळ घेताना आवाज फाटायचा आणि बसलेली माणसं खाली बघायची. त्या दिवशी आवाज फाटला, तिथंच अण्णांनी तो सूर उचलला. मोठ्यानं नाही, तात्यांना श्वास घेता येईल, एवढाच. ओवी तुटली नाही. तात्या डोळे पुसत म्हणाले, "म्हाताऱ्याला काठी दिलीस रं गड्या."

वाडीतली माणसं फोनवर विचारतात, तिकडं करमतं का. त्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना खरं सांगते: पहिलं वर्ष मी गपच बसले. ड्युटी, भाषेचा क्लास आणि खोली. चुकेन म्हणून तोंडच उघडायचे नाही. शेवटी वॉर्डातली नर्स हाना मला त्यांच्या गावच्या बँडच्या तालमीला घेऊन गेली. बेकरीवाला, शाळेतल्या बाई, दोन शेतकरी, सगळे पितळी वाद्यं मांडीवर घेऊन बसलेले. मला एकदम भरून आलं. मी कॉर्नेट मागितला. घरी कधी मागितला नव्हता, अण्णांनीही कधी दिला नव्हता. ते बायकांचं काम नव्हे, असं आम्ही दोघंही न बोलताच धरून चाललो होतो.

तीन वर्षं शिकले, अण्णांना फोनवर सांगत. यंदा रजा काढून वाडीच्या यात्रेला गेले. अण्णांचे पुढचे दात गेलेत, फुंक धरत नाही. तात्या मात्र अजून गातात. अण्णांनी कॉर्नेटची पेटी माझ्यापुढं सरकवली. "वाजीव," एवढंच म्हणाले.

मी वाजवलं, अगदी मोजून-मापून. तात्यांनी हात वर करून ढोल थांबवले. "पोरी, घड्याळ लावून वाजवतीस व्हय? माज्या तोंडाकडं बघ."

बघितलं. त्यांचा श्वास कुठं संपतो, ते मानेच्या शिरेवरून कळत होतं. तिथं सूर दिला. ओवी पुढं गेली. अण्णा झांजवाल्यांच्या मागं उभे होते आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. हसत होते की रडत, त्या बोळक्या तोंडावरून सांगता येत नव्हतं.

जर्मनीत परत आल्यावर तालमीत बँडबरोबर गाणाऱ्या एक बाई एका ओळीवर रेंगाळल्या आणि मी आपसूक थांबले. बँडमास्तरांनी विचारलं, "हे थांबणं कुठं शिकलीस?"

"घरी," मी म्हणाले. जर्मनमध्येच, विचार न करता. मग लक्षात आलं, त्या भाषेतला तो शब्द आजवर मी फक्त माझ्या भाड्याच्या खोलीसाठी वापरत होते.